पायाला वीज, पाठीला डिझेल

चालताना गुडघा किती वेळा थांबतो, कधी लक्ष दिलंय? प्रत्येक पावलाला तो वाकतो, क्षणभर थबकतो, उलट दिशेने सरळ होतो, पुन्हा थबकतो. डिझेल इंजिनाला नेमकं हेच जमत नाही. ते थांबलं की बंदच पडतं.

‘स्टॉर्मवर्क्स’ या 2018 साली आलेल्या व्हिडिओ गेममध्ये हे कोडं थेट हातात येतं. खरं तर तो जहाजं नि हेलिकॉप्टरं बांधून बचावकार्य करण्याचा गेम. पण हौशी मंडळी त्यात पायांवर चालणारे अजस्र यंत्रमानव, म्हणजे ‘मेक’ही उभे करतात. तिथलं डिझेल इंजिन म्हणजे मानापमान सांभाळायचं लग्नघर! त्याला हवा हवी, धुराला वाट हवी, इंधन हवं, थंड करायला पाणी हवं, स्टार्टर हवा. एवढं करून क्लच घाईने जोडलात, तर गचकन बंद. विजेच्या मोटरला मात्र बॅटरीची तार जोडायची, की झालं.

गंमत आहे ती जोर कुठून येतो यात. इंजिनाचा जोर सिलिंडरमधल्या ज्वलनाचा, आणि त्यासाठी आधी हवा ओढून दाबावी लागते. म्हणजे जोर मिळण्याआधी ते फिरत असायला हवं! मोटरचा जोर चुंबकीय ओढीचा. वीज सोडली की आस जागचा हललेला नसतानाही पूर्ण ताकद हजर. पायाला हवं ते हेच.

मग डिझेल कशाला? कारण एक किलो डिझेलमध्ये साधारण 12 युनिट ऊर्जा असते, वीजबिलावरचंच युनिट. एक किलो चांगल्या लिथियम बॅटरीत जेमतेम पाव. इंजिन निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णतेत उधळतं, तरी चारेक युनिटं हाती उरतातच. तफावत थक्क करणारी आहे.

खऱ्या यंत्रमानवांनाही हा पेच सुटलेला नाही. बोस्टन डायनॅमिक्सच्या चार पायांच्या ‘बिगडॉग’मध्ये टू-स्ट्रोक इंजिन होतं. ते एका चालीने पंप फिरवायचं आणि दाबाखालचं तेल पाय हलवायचं. थांबण्याचं काम इंजिनाकडे नव्हतंच. त्याचा दांडगा वारसदार ‘एलएस3’ अमेरिकी मरीन सैनिकांचं 180 किलो ओझं वाहू शकायचा. पण 2015च्या अखेरीस त्याला रजा मिळाली, कारण आवाज! शत्रूला कोसभरावरून चाहूल देणारं खेचर कोण पाळेल? त्याच कंपनीचा बॅटरीवरचा ‘स्पॉट’ त्या मानाने बराच शांत, पण तो वाहतो 14 किलो, तेही दीडेक तास.

‘स्टॉर्मवर्क्स’मधले यांत्रिक सांधे विजेवरच चालतात. त्यामुळे डिझेलचा मेक बांधला तरी पाय इलेक्ट्रिकच राहतात. इंजिन फक्त जनरेटर फिरवतं. आपल्या रेल्वेची डिझेल इंजिनंही अशीच: डिझेल वीज बनवतं आणि चाकं फिरवतात मोटरी.

तेव्हा छोट्या चकमकीसाठी किंवा पाण्याखाली जायचं असेल तर नुसती बॅटरी घ्या. लांबचा पल्ला असेल तर पाठीवर डिझेल-जनरेटर चढवा, सोबत छोटी बॅटरी ठेवा, आणि क्लच नि गिअरच्या भानगडीत पडूच नका.