परिचालन प्रणालीच्या गाभ्यातील स्क्रिप्ट भाषा

संगणकाच्या परिचालन प्रणालीचा मध्यवर्ती भाग म्हणजे गाभा किंवा कर्नेल. स्मृती, प्रक्रियक व बाह्य उपकरणे यांचे नियंत्रण त्याच्याकडे असते. सामान्य आज्ञावलीत दोष उद्‌भवल्यास ती एकटीच बंद पडते. गाभ्यातील दोषाने मात्र संपूर्ण संगणक ठप्प होऊ शकतो. म्हणून गाभा बहुधा सी भाषेत, तज्ञांकडून लिहिला जातो व क्वचितच बदलला जातो.

जाळ्यातून येणारी माहितीची पुडकी गाळणे, उपकरणांचे वर्तन ठरविणे यांसारख्या कामांचे नियम मात्र वारंवार बदलावे लागतात. प्रत्येक पुडके तपासणीसाठी गाभ्याबाहेर पाठविल्यास वेळ खर्ची पडतो. नियम सुटसुटीत स्क्रिप्ट भाषेत लिहून गाभ्यातच चालविल्यास संगणक बंद न करता ते बदलता येतात.

या सोयीबरोबर धोकाही येतो. न संपणारे आवर्तन किंवा स्मृतीचा बेसुमार वापर गाभ्याला परवडत नाही. यावर तीन उपाय रूढ आहेत. पहिला, भाषाच मर्यादित ठेवणे : सन मायक्रोसिस्टिम्सच्या सोलॅरिस 10 (2005) मधील डीट्रेस या निरीक्षण साधनाच्या डी भाषेत आवर्तनाची सोयच नाही. दुसरा, पूर्वतपासणी : मॅकॅन व जेकबसन यांनी 1992 च्या सुमारास मांडलेल्या बर्कली पुडके गाळणीचा विस्तार 2014 मध्ये लिनक्समध्ये आला, त्यात प्रत्येक आज्ञावली सुरक्षित ठरल्यावरच गाभ्यात घेतली जाते. तिसरा, चालू असताना नियंत्रण : झेडएफएस या संचय प्रणालीत ल्वा भाषेतील आज्ञावलीला मुळात 1 कोटी सूचना व 10 मेगाबाइट स्मृती एवढीच मुभा असते.

ल्वा ही भाषा रिओ दे जानेरो येथील कॅथलिक विद्यापीठात 1993 मध्ये निर्माण झाली. आकाराने लहान व इतर आज्ञावल्यांत सहज सामावणारी असल्याने ती या कामी सोयीची ठरली. नेटबीएसडी 7.0 (2015) या प्रणालीच्या गाभ्यात तिचा समावेश झाला. मात्र तेथे तिच्यातील संख्या केवळ पूर्णांक असतात, कारण गाभ्यात अपूर्णांकी गणित सामान्यतः टाळले जाते.

अशा नियंत्रणाचे महत्त्व 19 जुलै 2024 रोजी जगाला दिसले. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या संरक्षक आज्ञावलीचा एक घटक विंडोजच्या गाभ्यात राहून बाहेरून येणाऱ्या नियमांचा अर्थ लावीत असे. ते नियम स्क्रिप्ट भाषेतील नव्हते. पण प्रश्न तोच होता. नव्या नियमाने 21 निविष्टी गृहीत धरल्या होत्या, प्रत्यक्षात 20 च पुरविल्या जात होत्या. मर्यादेबाहेरील स्मृती वाचली गेली व सुमारे 85 लक्ष संगणक कोलमडले. मुंबईसह भारतातील अनेक विमानतळांवरील कामकाज विस्कळीत झाले. काही ठिकाणी प्रवाशांना हस्तलिखित प्रवेशपत्रे द्यावी लागली.

गाभ्यात बाहेरचे नियम चालविताना भाषेच्या सामर्थ्याइतकेच तिच्यावरील बंधनांना महत्त्व असते, ते यामुळेच.