परसबागेतील किडी व घरगुती उपाय

मालवण किनाऱ्यावरील परसबाग बहुधा विहिरीच्या काठाशीच असते. मांडवावरील पडवळ, दोडका अथवा वाफ्यातील तांबडा माठ सकाळी काढावा आणि दुपारी रांधावा, असा तेथील क्रम. अशा ठिकाणी तीव्र विष फवारल्यास ते ताटात, आणि जांभ्याच्या सच्छिद्र थरातून विहिरीतही, उतरण्याचे भय असते.

घरगुती उपायांत निंबोळीचा अर्क सर्वांत भरवशाचा. निंबोळीचे पाणी फवारलेल्या पिकास टोळही तोंड लावीत नाहीत, असे दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेतील प्रधान, जोतवाणी व राय यांनी १९६२ साली प्रसिद्ध केले होते. या अर्काने कीड तत्काळ मरत नाही. ती खाणे सोडते व तिचे कात टाकणे बिघडते. दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली म्हणून उपाय फसला असे समजू नये, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस आवर्जून सांगावे.

अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी फडक्याने गाळावे व एकूण पाणी १० लिटर करून त्यात २० ग्रॅम धुण्याचा साबण विरघळवावा. उन्हाने अर्काची शक्ती जाते, म्हणून त्याच दिवशी सायंकाळी, पानांच्या खालच्या बाजूसही लागेल असा फवारावा. पावसाळ्यात उघडीप पाहूनच फवारणी करावी.

कडुनिंबास कोकणचा पाऊस फारसा मानवत नाही. निंबोळी न मिळाल्यास चवळीवरील माव्यासाठी करंजाचे तेल, लिटरला १० मिलिलिटर, साबणाच्या पाण्यात घुसळून वापरता येते; मात्र आधी दोनचार पानांवर पाहावे, कारण जास्त तेलाने पाने करपतात. करंज मासळीस अपायकारक आहे. फवाऱ्याची भांडी विहिरीवर वा तळीत धुऊ नयेत. तंबाखूचा काढा तर टाळावाच. तो झाडापासून निघत असला तरी त्यातील निकोटीन कातडीवाटेही अंगात भिनते.

वेलांच्या कोवळ्या पानांवरील तांबड्या भुंगेऱ्यांवर चुलीची राख दंव असताना धुरळावी. फळमाशीची अळी मात्र फळाच्या आत असल्याने तेथे कोणताही अर्क पोचत नाही. कोवळ्या फळांस कागदी पिशवी बांधावी. किडकी फळे उकिरड्यावर न टाकता खोल पुरावीत.

पावसाळ्याच्या तोंडी घाटावरून निंबोळ्या आणवून सावलीत वाळवाव्यात व तरटाच्या पोत्यात ठेवाव्यात. बुरशी आलेल्या वा वर्षापूर्वीच्या निंबोळ्या घेऊ नयेत.