शनिवारी आनंद, मग सोमवारी काय?

मार्च २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी ‘आनंददायी शनिवार’ जाहीर केला. त्या दिवशी वह्या-पुस्तकांचं ओझं बाजूला ठेवायचं. खेळ, गाणी, हस्तकला करायची, गप्पा मारायच्या. मुलांना हे आवडणारच. पण सहा-सात वर्षांच्या मुलाच्या आनंदासाठी वेगळा वार राखून ठेवावा लागत असेल, तर उरलेल्या पाच दिवसांत वर्गात काय चालतं, हे बघायला हवं. पहिलीतल्या मुलाला खरा आनंद होतो तो एखादी गोष्ट स्वतःची स्वतःला जमल्यावर. काल न वाचता आलेला शब्द आज वाचता आला की ते मूल घरी जाऊन चार जणांना सांगतं. हा आनंद वाचन आणि गणिताच्या तासालाच मिळायला हवा.

भोर आणि वेल्हे या पुणे जिल्ह्यातल्या दोन डोंगरी तालुक्यांत या प्रश्नाला वेगळी धार येते. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्येच घेतला. लोकांच्या तोंडी मात्र अजून वेल्हेच आहे. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर या गडांच्या पायथ्याला आणि भाटघर, पानशेत, वरसगाव या धरणांच्या काठाला वाड्या-वस्त्या विखुरलेल्या आहेत. पावसाळ्यात ओढे भरले की वाटा बंद होतात. अशा वस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे बहुधा एक-दोन खोल्या, एक किंवा दोन शिक्षक आणि पहिली ते चौथीची मुलं एकत्र बसलेली.

२०१८ साली वेल्ह्यातल्या चांदर या दुर्गम वस्तीवरच्या शाळेची बातमी देशाबाहेरही पोहोचली. शिक्षक एक आणि विद्यार्थीही एकच. कडेला खोल दरी असलेल्या कच्च्या वाटेने मोटारसायकलवरून शाळा गाठणाऱ्या त्या शिक्षकाचं कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. पण त्या एकुलत्या एका मुलाच्या बाजूनेही विचार करायला हवा. पत्त्यांसारखी अंकांची कार्डं वाटून खेळायला समोर दुसरं मूल लागतं. गोष्ट ऐकताना कुणीतरी आधी हसावं लागतं, मग आपल्यालाही हसू फुटतं. या वयात शिकण्यातली निम्मी मजा सोबत्यांमुळे असते आणि ती एकटा शिक्षक, कितीही जीव ओतला तरी, पुरवू शकत नाही.

सोबत्यांचा हा मुद्दा घेऊनच पानशेतची समूह शाळा पुढे आली. आसपासच्या लहान शाळांतली मुलं वाहनाने एका मोठ्या, सुसज्ज शाळेत आणायची, असा तो प्रयोग. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले, तेव्हा नंदुरबारमधल्या तोरणमाळसोबत पानशेतचंच उदाहरण दिलं होतं. राज्यात अशा कमी पटाच्या शाळा तेव्हा साडेचौदा हजारांहून अधिक होत्या. मोठ्या शाळेत प्रत्येक इयत्तेला शिक्षक मिळतो, मैदान मिळतं, खेळायला गडी मिळतात. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी हे फायद्याचंच आहे. पहिली-दुसरीचं मात्र तसं नाही. सहा वर्षांच्या मुलाने भर पावसात घाटरस्त्याने गाडीतून रोज जा-ये करायची, तर ते दमूनच वर्गात पोहोचणार. पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी, असं शिक्षण हक्क कायद्याचे नियम सांगतात, त्यामागे हेच कारण आहे. लहानग्यांची शाळा घराजवळच राहावी, आणि केंद्रातल्या चार-पाच वस्त्यांची मुलं ठरावीक दिवशी एकत्र आणावीत, हा मार्ग जास्त माणुसकीचा आहे. आनंददायी शनिवारचा खरा उपयोग तिथे होईल.

बाकीच्या दिवसांचं काय करायचं, याची उत्तरं महाराष्ट्रातच सापडतात. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि १९५७ मध्ये त्या कोसबादच्या टेकडीवर गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. माँटेसरी पद्धतीची साधनं महाग, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं यांतून साधनं घडवली. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे गुरं चरतात तिथेच शाळा. भोर-वेल्ह्याच्या धनगर आणि कातकरी वस्त्यांवर काम करणाऱ्या कुणालाही हा इतिहास आजही जवळचा वाटेल.

दुसरं उत्तर तर शेजारचंच. भोरच्या डोंगरात उगम पावणारी नीरा पुढे फलटण तालुक्याच्या हद्दीवरून वाहते. त्या फलटणमध्ये मॅक्सीन बर्नसन यांनी १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली. जन्माने अमेरिकी असलेल्या या भाषाअभ्यासक फलटणला स्थायिक झाल्या, भारताच्या नागरिक झाल्या आणि मराठी वाचन-लेखन मुलांना कसं शिकवावं याचा त्यांनी आयुष्यभर ध्यास घेतला. त्यांच्या पद्धतीचं मर्म थोडक्यात असं: सगळी मुळाक्षरं ओळीने घोकून घेण्यापेक्षा मोजकी अक्षरं आणि एखादी मात्रा आधी शिकवायची, आणि लगेच त्यांचे शब्द करायचे.

यात मजा कुठे आहे, ते करून बघितलं की कळतं. क, ख, ग, घ, ङ ही पाच अक्षरं शिकून मुलाला स्वतःच्या बोलण्यातला जवळजवळ एकही शब्द वाचता येत नाही. याउलट क, म, ल, न, र, ग ही सहा अक्षरं आणि काना एवढंच घ्या. कान, नाक, गाल, मान, काका, मामा, मका, नाग, रान, गारा असे कितीतरी शब्द तयार होतात. शिक्षकाने ‘नाक’ लिहिलेलं कार्ड वर धरायचं आणि मुलांनी न बोलता नाकाला हात लावायचा. ‘नाग’ आला की फणा काढायचा. पाच मिनिटांत वर्ग हसून लोळतो. त्या पाच मिनिटांत प्रत्येक मूल खरोखर वाचत असतं, आणि कोण अडखळतंय ते शिक्षकाला परीक्षा न घेता दिसतं. खेळ चांगला की नुसता वेळ घालवणारा, हे ओळखायला ही कसोटी पुरेशी आहे: खेळताना शिकायची गोष्ट मुलाला वापरावी लागते का? मोबाइलवर गाणं लावून मुलांना नाचवलं तर मुलं खूश होतात, पण ‘नाक’ वाचायला शिकत नाहीत.

गणितात मराठी मुलाची एक खास अडचण आहे. ‘त्रेचाळीस’ म्हणताना तीन आधी येतो आणि चाळीस नंतर. लिहिताना मात्र चार आधी. म्हणून मुलं ४३ च्या जागी ३४ लिहितात आणि मार खातात, निदान पूर्वी खायची. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘चाळीस तीन’ अशा वाचनाची जोड दिली, तेव्हा राज्यभर वादळ उठलं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांची ही अडचण तेव्हा शांतपणे समजावून सांगितली होती. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. भातलावणीच्या दिवसांत रोपांच्या जुड्या हाताळलेल्या भोर-वेल्ह्यातल्या मुलाला दहा काड्यांची जुडी बांधायला शिकवावं लागत नाही. चार जुड्या आणि तीन सुट्या काड्या त्याच्या हातात दिल्या, की ४३ त्याला दिसतात. मग दुकान मांडायचं: एक मूल दुकानदार, दोन गिऱ्हाइकं, कागदाच्या नोटा. सुटे देताना जुडी सोडावी लागते, आणि हातच्याची वजाबाकी पाटीवर येण्याआधी हाताला समजते.

चार इयत्ता एका खोलीत असण्याचं दडपण शिक्षकांवर असतं, हे खरं आहे. पण असं दुकान चालवायला तिसरीतलं मूल दुकानदार म्हणून उत्तम. ते पहिलीतल्याला शिकवतं आणि शिकवताना स्वतः पक्कं होतं. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी गेल्या दशकात हेच करून दाखवलं. फरशीवर आखलेल्या आकृत्या, गटात बसून साहित्य हाताळणारी मुलं आणि मधून फिरणारे शिक्षक बघायला राज्यभरातून शिक्षक तिथे जात. दुर्दैवाने बऱ्याच ठिकाणी फरशीवरच्या आकृत्यांची तेवढी नक्कल झाली. रंग पक्के राहिले, पण मुलं त्यावर बसून काय करणार, याचा विचार मागे पडला.

साहित्याची तर या भागात ददातच नाही. रायरेश्वराच्या पठारावर सात रंगांची माती मिळते, असं तिथे जाणारा प्रत्येक जण सांगतो. ती वेगवेगळ्या वाटीत घ्यायची, ओली करायची, बोटाने कागदावर ओढायची, कुठली चिकट, कुठली भुरभुरीत ते बोलायचं, मग त्याची दोन वाक्यं लिहायची. यात चित्रकला, विज्ञान आणि भाषा एकदमच होते. अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून भूमितीचे आकार उभे केले आणि पुढे पुण्याच्या आयुकामधल्या केंद्रातून अशी असंख्य खेळणी जगापुढे ठेवली. त्यातलं बहुतेक सामान वाडीवरच्या दुकानात मिळतं.

मिळत नाही ते एकच: गोष्टीची पुस्तकं. पाठ्यपुस्तकापलीकडे छापील शब्द घरात नसलेल्या मुलाला वाचायचं कशासाठी, हेच कळत नाही, आणि इथे खडे-काड्या कामाला येत नाहीत. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, यासाठी २०२६-२७ ही मुदत ठरवली आहे. पुस्तकाशिवाय ती गाठणं अवघड आहे.

राजगड-तोरण्याला दर रविवारी पुण्या-मुंबईची माणसं येतात आणि त्यातली बरीच पायथ्याच्या शाळांना काहीतरी द्यायची इच्छा बाळगून असतात. वह्या आणि दप्तरं बहुतेक जण देतातच. यापुढे माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारखी मोठ्या अक्षरांची, चित्रांची पुस्तकं न्यावीत. शिक्षकांना आधी फोन करावा, कुठल्या इयत्तेत किती मुलं आहेत ते विचारावं आणि एकाच पुस्तकाच्या दोन-तीन प्रती द्याव्यात, म्हणजे मुलांना शेजारी बसून वाचता येईल.