धुराच्या कणांची साक्ष

हिवाळ्याच्या सायंकाळी भोपाळच्या गोविंदपुऱ्यात कारखाने आणि वसाहती यांवर धूसर पडदा उतरतो, तेव्हा त्याचा दोष आपण धुराड्यांवर ठेवून मोकळे होतो. रसायनशास्त्र इतक्या घाईने निवाडा देत नाही.

या धुरक्यात २.५ मायक्रोमीटरहून बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे पंचविसाव्या हिश्शाएवढे, कण असतात. त्यांत मोठा वाटा कार्बनच्या सेंद्रिय संयुगांचा, आणि त्यांपैकी काही आपल्या जन्माची खूण अंगावर वागवितात. लाकडातील सेल्युलोज सुमारे ३०० अंश सेल्सिअसवर विघटित झाले, की लेव्होग्लुकोसान नावाचे शर्करेच्या कुळातील द्रव्य निपजते. डिझेल जाळून ते मिळत नाही. होपेन ही संयुगे मात्र वंगणतेल किंवा दगडी कोळसा यांच्याकडे बोट दाखवितात. गाळणकागदावर कण धरून या खुणा मोजल्या, म्हणजे शेकोटी आणि मालमोटार निरनिराळी ओळखता येतात. काही सेंद्रिय कण तर कोणत्याही ज्वालेतून आलेले नसतात. रंगांतील द्रावकांची किंवा झाडांतील टर्पीनची वाफ उन्हात ऑक्सिडीकरण पावून हवेतच कणरूप घेते.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात भोपाळ २०१९ पासून आहे. तेथे शहरांची प्रगती मुख्यतः १० मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांच्या वजनावर जोखली जाते. रस्त्यावर पाणी शिंपडले, की धूळ बसून वजन घटते. शेकोटीचा धूर तसाच राहतो. मला हा हिशेब अपुरा वाटतो. आणि शेकोटीवर बंदी घालावयाची, तर रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला ऊब कोठून मिळणार, हेही त्याच हुकुमात लिहिलेले असले पाहिजे.