हेल्मेट घ्या, पण मापाचे घ्या!

गेल्या पावसाळ्यात आमची मोटारसायकल घसरली. डोक्यावर हेल्मेट होते, पण ढिले. आम्ही पडलो तेव्हा ते निसटून भलतीकडेच गेले! रस्त्याकडेला स्वस्तात घेतलेला माल होता तो. थोडक्यात बचावलो. मग एक दिवस दुकान बंद ठेवून पुण्यातील नाना पेठ गाठली.

पहिल्या दुकानात नुसता भाव सांगितला. दुसऱ्या दुकानातील चाचांनी आधी टेप काढली आणि भुवयांच्या वरून डोक्याचे माप घेतले. ५८ सेंटिमीटर! आमचे जुने हेल्मेट ६० चे होते.

"भाई, चप्पल मापाची घेता, मग हेल्मेट अंदाजाने कसे?" चाचा म्हणाले. "गालांना घट्ट बसले पाहिजे. पट्टा लावून मागून वर ओढा. निघाले तर घेऊ नका."

मग त्यांनी आयएसआयची खूण, आयएस ४१५१ हा क्रमांक आणि परवाना क्रमांक दाखवला. १ जून २०२१ पासून ही खूण नसलेले हेल्मेट बनवण्यास व विकण्यास कायद्याने बंदी आहे. परवाना खरा की खोटा, हे 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर तपासता येते.

"जुने घेता का?" आम्ही विचारले.

"नाही. आतला थर्माकोलसारखा थर मार झेलतो. एकदा दबला की पुन्हा कामाचा नाही. वरून चकचकीत दिसले, तरी ते दुसऱ्याच्या डोक्यावर कसे घालू?"

व्यापारी बंधूंनो, आम्ही घासाघीस न करता पैसे मोजले!