खाणीची भरलेली जमीन आणि तिच्यावर परतणारे जीव

हिंगोली जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी पैनगंगा पुढे चंद्रपूर जिल्ह्यात वढा येथे वर्धा नदीस मिळते. हिंगोलीत कोळसा नाही; परंतु याच नदीच्या खालच्या अंगास, वणी, घुग्घुस व चंद्रपूर या भागांत, कोळशाच्या मोठमोठ्या उघड्या खाणी आहेत. खोदून झालेली जमीन पुन्हा जिवंत झाली हे कशावरून ओळखावे, हा तेथील प्रश्न मुरमाच्या व दगडाच्या खाणी असलेल्या आपल्या गावांसही लागू आहे.

उघड्या खाणीत प्रथम वरची सुपीक माती काढून वेगळी ठेवावयाची असते. मग खालचा खडक फोडून त्याचे ढीग रचतात, कोळसा काढतात आणि रिकामा खड्डा त्याच दगडमातीने भरतात. शेवटी उतार सारखे करून सुपीक माती पसरतात व गवत आणि झाडे लावतात. ही दगडमाती जवळजवळ निर्जीव असते. नागपूरच्या नीरी संस्थेतील शास्त्रज्ञांनी कोळसा खाणीच्या १० हेक्टर ढिगावर हेक्टरी ५० टन सांडपाणी प्रक्रियेतील गाळ, जिवाणू खते व मुळांशी सहजीवन करणारी बुरशी वापरून झाडे लावली. तेव्हा पूर्वी जवळपास नसलेले रायझोबियम व अॅझोटोबॅक्टर हे जिवाणू पुष्कळ वाढले, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत नमूद आहे.

मोठ्या खाणींवरील लागवडीची पाहणी उपग्रहाच्या चित्रांवरून केली जाते. किती जमीन हिरवी झाली हे त्यातून कळते. त्या हिरवळीखाली कोण राहते, हे कळत नाही. बोर, जांभूळ, उंबर अशी फळझाडे असतील तर बुलबुल येतो, त्याच्या विष्ठेतून बी पडते आणि कोणी न लावलेली रोपे उगवतात. अशी आपसूक आलेली रोपे हा जमीन सुधारल्याचा बोलका पुरावा होय. वेड्या बाभळीचे दाट रानही वरून तितकेच हिरवे दिसते. परंतु ते रानडुकरांस लपण्याची जागा देते आणि शेजारच्या पिकाची नासाडी ओढवते.

वन्यप्राणी परत येणे ही नेहमीच निव्वळ आनंदाची वार्ता नसते. चंद्रपूरच्या खाणींजवळच ताडोबाचे रान आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराचा, तर लगतच्या दुर्गापूर वस्तीत बिबट्याने एका मुलाचा बळी घेतला. प्राणी कोठे दडतात व कोणत्या वाटेने पाण्यावर येतात, याची नियमित नोंद असेल, तरच माणसास वेळीच सावध होता येते.

अशी नोंद ठेवण्यास मोठा खर्च लागत नाही. जुन्या खाणीभोवती एक किलोमीटरची वाट कायमची ठरवावी. पावसाळ्यानंतर एकदा व उन्हाळ्यात एकदा, सूर्योदयानंतरच्या दोन तासांत, त्याच वाटेने फिरून दिसलेले पक्षी व प्राणी मोजावेत. चंडोल, टिटवी, तितर, ससा, रोही यांची नावे गावच्या बोलीत लिहिली तरी चालतील. पाण्याजवळच्या ओल्या मातीत ठसे पाहावेत. एका ठरावीक दगडावरून दरवर्षी छायाचित्र घ्यावे. एक मीटर चौकोनात गवताच्या किती जाती आहेत व आपसूक आलेली रोपे किती आहेत, हे मोजावे. गांडूळ, वाळवी व शेणकिडा यांचीही दखल घ्यावी. काही न दिसल्यास ‘शून्य’ असे लिहावे. ती जागा कोरी सोडू नये. बिबट्याचा ठसा आढळल्यास एकट्याने पुढे न जाता वनरक्षकास कळवावे.

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये गावाची लोक जैवविविधता नोंदवही असते. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी ही मोजणी त्या वहीत दरवर्षी चढवावी. कयाधूच्या अथवा पूर्णेच्या खोऱ्यातील एखाद्या मुरमाच्या खाणीपासून यंदाच आरंभ करता येईल. झाडे किती लावली हा हिशेब एका दिवसात पुरा होतो. कोण परतले हा हिशेब पाच-दहा वर्षांचा असतो. तो ठेवणाऱ्या गावालाच आपली जमीन खरोखर सुधारली की नाही, हे खात्रीने सांगता येईल.