गोळी, वायू आणि चव

महाविद्यालयीन वार्षिकांतून चहावर लिहिलेले लेख पुष्कळ सापडतात. चहाच्या टपरीवर जमणारी मैफल, ‘कटिंग’चे तत्त्वज्ञान, परीक्षेच्या रात्रीचा चहा, विषय जुना होत नाही. सोड्याच्या नशिबी मात्र हे भाग्य नाही. तो पितात सारे, पण त्याच्याविषयी बोलत कोणी नाही. ही उणीव थोडीशी भरून काढावी, म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघे मित्र ठरवून सोडा प्यायलो. तालुक्याच्या बाजारपेठेतला गोळीसोडा, एस. टी. स्टँडवरचा मसाला सोडा, पुण्याच्या कॅम्पातला आणि मुंबईच्या इराणी हॉटेलातला पारशी पद्धतीचा सोडा, अशी ही यात्रा. त्यातून जे समजले ते येथे मांडतो.

प्रथम थोडा इतिहास. इंग्लंडमधील लीड्स शहरात जोसेफ प्रीस्टली नावाचा शास्त्रज्ञ बिअरच्या भट्टीशेजारी राहत असे. आंबणाऱ्या पिंपांवर साठणारा वायू पाण्यात मिसळता येतो हे त्याने दाखवले आणि १७७२ साली त्याची कृती छापली. पुढे १७८३ मध्ये याकोब श्वेप याने जिनिव्हात या पाण्याचा व्यापार सुरू केला. हा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. पूर्वी तो काढण्यासाठी सोड्याचे क्षार वापरीत, म्हणून पेयाचे नाव सोडा पडले. क्षार गेले, नाव राहिले.

वायू पाण्यात घालणे सोपे. तो आत ठेवणे अवघड. साधे बूच दाबाने उडून जाई. यावर लंडनच्या हायरम कॉड याने १८७२ च्या सुमारास मोठी नामी युक्ती काढली. बाटलीच्या गळ्यात काचेची गोळी आणि तोंडाशी रबराचे कडे! आतला वायूच गोळीला वर ढकलतो व ती कड्यावर घट्ट बसते. म्हणजे जो चोर पळून जाणार, त्यालाच दाराशी पहारा करायला बसवले. गळ्याला दोन खाचा असतात, त्याही शोभेसाठी नव्हेत. खाचा खालच्या अंगाला येतील अशी बाटली धरली की गोळी त्यांत अडकते आणि ओतताना वाट अडवत नाही. इंग्लंडातून ही बाटली केव्हाच गेली. भारतात आणि जपानात ती अजून नांदते आहे.

आमच्या तालुक्यातल्या सोडावाल्या काकांनी आम्हांला बाटली भरून दाखवली. पाणी भरलेली बाटली ते लोखंडी यंत्रात आवळून बसवतात, सिलिंडरमधला वायू सोडतात आणि दांड्याने यंत्र गरगर फिरवतात. फिरण्याने वायू पाण्यात मिसळतो. शेवटी बाटली उलटी थांबवली की गोळी आपोआप तोंडाशी येते आणि दाबाने तेथेच चिकटते. झाकण नाही, पत्रा नाही.

आता चवीकडे वळू. सोड्याचा झणका बुडबुडे जिभेवर फुटल्याने लागतो असा सर्वांचा समज असतो. तो पुरता खरा नाही. वायू पाण्यात विरघळला की सौम्य कार्बॉनिक आम्ल तयार होते. जिभेवरच्या आंबट चव ओळखणाऱ्या पेशी आणि तोंडातल्या चुणचुण जाणणाऱ्या नसा यांना ते जाणवते. बुडबुडे फुटू नयेत इतक्या दाबाच्या खोलीत बसून सोडा प्यायला, तरी तो झोंबतोच, असे प्रयोगांत आढळले आहे. थंड सोडा अधिक चांगला का लागतो, याचेही उत्तर वायूतच आहे. शून्य अंशाजवळच्या पाण्यात पंचवीस अंशांच्या पाण्यापेक्षा दुपटीहून अधिक वायू राहतो. कोमट सोडा ग्लासात ओतताच निम्मा जीव सोडतो.

मसाला सोड्याची गंमत वेगळी. मीठ पडताच सोडा उसळतो, कारण मिठाच्या खडबडीत कणांवर बुडबुड्यांना जन्मायला जागा मिळते. काळे मीठ, जिरे आणि लिंबू यांच्या जोडीला तो फेस नाकाशी वास घेऊन येतो. म्हणूनच पहिला घोट डोके हलवतो. कोकणात कोकमाच्या आगळात सोडा घालतात, त्याचा आंबटपणा अधिक खोल वाटतो. जिंजर घशात उतरल्यावर बोलतो. आइस्क्रीम सोड्यात आइस्क्रीमचा कणही नसतो. असतो व्हॅनिलाचा वास. आणि रास्पबेरी? लाल, गोड, किंचित औषधी. पारशी लग्नाच्या पंगतीत तिला मानाचे स्थान आहे. माझ्या एका मित्राला ती खोकल्याच्या औषधासारखी वाटली. मला मात्र तिखट, तेलकट जेवणावर तिच्यासारखा उतारा दुसरा दिसला नाही.

या चवींमागे माणसे आहेत. मुंबईचे पालनजी १८६५ पासूनचे, पुण्याचे अर्देशीर १८८४ पासूनचे. मुंबईतच १८८९ साली दिनशा पांडोळे यांनी ड्यूक्स काढली. सुरतेत १९२३ साली सोस्यो निघाले. १९७७ मध्ये कोकाकोला देशाबाहेर गेला, तेव्हा देशी पेयांना मोकळे मैदान मिळाले. १९९३ मध्ये तो परतला आणि पुढच्याच वर्षी ड्यूक्स पेप्सीकडे गेली. छोट्यांपैकी किती बाटल्या कायमच्या आडव्या झाल्या, त्यांची नोंद कोण ठेवणार?

काकांचे म्हणणे थोडक्यात असे होते : “पोरांनो, सोडा विकून पोट भरत नाही, बाटली परत आली तर भरतं.” जाड काचेची बाटली महाग. ती शेकडो वेळा फिरली तरच परवडते, आणि टेम्पो एका दिवसात जाऊन येईल तेवढ्याच टापूत फिरते. म्हणून हा धंदा मुळातच गावचा. प्लॅस्टिकच्या बाटलीला परतीचा प्रवास नाही. ती शेकडो मैल जाते आणि गटारात राहते. करही दोघांना सारखाच. २०१७ मध्ये गोड सोडापेयांवर २८ टक्के कर आणि वर १२ टक्के उपकर बसला. सप्टेंबर २०२५ पासून तोच थेट ४० टक्के आहे. जगभर जाहिराती करणाऱ्या कंपनीला तो झेपतो. हाताने दांडा फिरवणाऱ्याने काय करावे?

केवळ जुने आहे म्हणून काही टिकवावे, या मताचा मी नाही. वाईट सोडाही आम्ही प्यायलो. एका ठिकाणी रबराचाच वास अधिक होता. परंतु चांगला सोडा मोठ्या कंपनीच्या बाटलीपेक्षा उणा नाही, आणि त्याची चव गावागणिक बदलते. भाषा बारा कोसांवर बदलते याचे आपण वर्गात कौतुक करतो; तोच न्याय जिभेच्या दुसऱ्या कामालाही लावायला काय हरकत आहे?

म्हणून स्नेहसंमेलन समितीला आणि आमच्या सरांना एक नम्र सूचना. यंदा गॅदरिंगच्या अल्पोपाहारासाठी प्लॅस्टिकच्या बाटल्यांऐवजी आपल्याच गावातल्या सोडावाल्याकडून क्रेट मागवावेत. स्वच्छता आधी जाऊन पाहावी, भाव ठरवावा आणि रिकाम्या बाटल्या मोजून परत करण्याची जबाबदारी विद्यार्थ्यांनी घ्यावी. मोजायला मी येतो.